आधी चित्र, शेवटी नाव

पेंटरचं खरं नाव विचारलंत तर आमच्या गल्लीतली माणसं जराशी आभाळाकडे बघतात, मान खाजवतात आणि म्हणतात, "पेंटर म्हणजे पेंटरच की हो." ज्याने उभ्या बाजाराची नावं लिहिली, त्याचं स्वतःचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्यालाही त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

सकाळी दुकानांची दारं उघडायच्या आधी बाजाराच्या रस्त्याने चालत जा, त्याची कमाई तुम्हाला डोक्यावर टांगलेली दिसेल. गिरणीच्या बोर्डावरची पिवळी कणसं त्याची. सायकलवाल्याच्या बोर्डावरचं चाक त्याचं, आणि ते असं काढलंय की वारा नसतानाही फिरतंय असं वाटतं. दवाखान्याची निळी अक्षरं त्याची. ती इतकी शांत आहेत की ताप आलेल्या माणसाला नुसती वाचूनच थोडं बरं वाटावं.

त्याच्या कामाचा एक नेम होता. ज्या उस्तादाच्या हाताखाली तो ब्रश धुवायला शिकला, त्याच्याकडून तो नेम आला होता. आधी पत्र्याला अस्तर, मग कड, मग चित्र, आणि नाव सगळ्यात शेवटी. तेही मालकासमोर. मालकाने रस्त्यात उभं राहायचं, घरच्यांना बोलवायचं असेल तर बोलवायचं, आणि पेंटर शिडीवर चढून, श्वास धरून नाव लिहायचा. शेवटचं अक्षर पुरं झालं की शिडी उतरायची, ब्रश धुवायचा आणि त्या बोर्डाला पुन्हा हात लावायचा नाही. "नाव पडलं की काम संपलं," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

पुढे त्याचा उजवा हात कापू लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग रेघेत. त्याच सुमारास फ्लेक्सची छपाई आली आणि पत्र्याचे बोर्ड कुणी मागेना. लोकांना वाटलं, फ्लेक्सने पेंटरचं पोट मारलं. पेंटर म्हणायचा, "फ्लेक्सने माझी लाज राखली. नाहीतर हाताने साथ सोडली हे सगळ्यांना दिसलं असतं."

तो फ्लेक्सच्याच दुकानात अक्षरं जुळवायला जाऊन बसला. तिथला कॉम्प्युटर रोज आजारी पडायचा, आणि तो बरा करता करता पेंटरला दुसरीच विद्या लागली. जुने, टाकून दिलेले कॉम्प्युटर आणायचे, त्यांच्यातली धूळ फुंकायची आणि त्यांच्यात लिनक्स घालायचं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटरला चालता-बोलता करणारी व्यवस्था. ती जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, कुणीही घ्यावी अशी, आणि म्हाताऱ्या मशीनलाही झेपणारी. ही विद्या पेंटरला मानवली. कळ दाबायला हात स्थिर लागत नाही. चुकलं तर खोडता येतं. पत्र्यावर खोडता येत नसे.

आणि या नव्या धंद्यातही त्याने जुना नेम सोडला नाही. लिनक्स घालताना मशीन मध्येच विचारतं की माझं नाव काय ठेवू, आणि उत्तर नाही दिलं तर स्वतःच एक सरसकट नाव पुढे करतं. पेंटर तिथे नुसतं 'पुढे' म्हणायचा. मशीन पुरं झालं, पडद्यावर चित्र नीट आलं, की मग मालकाला समोर बसवून, हुकूम लिहायची काळी खिडकी उघडून, तो स्वतःच्या हाताने नवं नाव टाकायचा. गिरणीच्या मशीनचं नाव त्याने 'कणीस' ठेवलं होतं. वायरमनच्या मशीनचं 'ठिणगी'. नाव टाकून झालं की मशीन बंद करायचं, मालकाच्या हातात द्यायचं. काम संपलं.

पेंटर राहायचा त्याच्या वहिनीच्या घरी, किंवा वहिनी राहायची त्याच्या घरी. दोघांनाही हे नक्की सांगता आलं नसतं. थोरला भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. पेंटरने लग्न केलं नव्हतं. वहिनीची मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात होती. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी वहिनीचं शिलाई मशीन आणि मागच्या खोलीत पेंटरची उघडलेली, पोटातल्या तारा बाहेर काढलेली मशीनं. मध्ये स्वयंपाकघर. दोघांची भांडणं तिथे व्हायची आणि तिथेच मिटायची.

वहिनी कोटांसाठी नावाजलेली होती. तिने बेतलेला कोट खांद्यावर असा बसायचा की कुबड आलेला माणूससुद्धा आरशासमोर सरळ व्हायचा. पण तिचे डोळे आता साथ देईनात. पांढऱ्या कापडावर ठीक होतं. गडद कापडावर खडूची रेघ तिला दिसेनाशी झाली होती. कुणाला कळू नये म्हणून ती बोटाने खडू चाचपत कापायची. एक दिवस तिने एक काळा कोट शिवून पुरा केला, हँगरला लावला, आणि गिऱ्हाइकाने तो घातला तेव्हा कळलं की दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या.

गिऱ्हाईक भला माणूस होता, हसला. वहिनी हसली नाही. तिने संध्याकाळी मशीनवर कापड झाकलं आणि कात्री तेल लावून कपाटात ठेवली.

"झालं माझं, भावजी," ती भाकरी थापावी तितक्या सहज म्हणाली. "आता मशीन कुणाला तरी देऊन टाकू. जागा अडवून बसलंय."

हात सोडून गेला की माणसाचं आत काय होतं ते त्याला दुसऱ्याकडून ऐकायची गरज नव्हती. त्याला निदान एक दुसरी विद्या भेटली होती. वहिनीला दुसरी नको होती; तिला तीच हवी होती.

त्याने पुतणीला फोन लावला. ती म्हणाली, "काका, कॉम्प्युटरवर कोटाची आखणी करता येते. हवी तेवढी मोठी करून बघायची, आणि खऱ्या मापात कागदावर छापायची. कागद चिकटवायचे, कापडावर टाचायचे आणि कडेकडेने कापायचं. आईला खडूची रेघ बघायलाच नको. लिनक्सवर चालतो तो प्रोग्राम, तुमच्याच जातकुळीचा आहे."

त्याच आठवड्यात बँडमास्तर आला. गावच्या बँडपथकाला नवे कोट हवे होते, गडद निळे, सोनेरी काठाचे. हा माणूस पोटाने ढोलासारखा आणि आवाजाने तुतारीसारखा.

"वहिनी, माझ्या वडिलांच्या पथकाचे कोट तुम्ही शिवलेत. आमचेही तुम्हीच शिवायचे."

"मला दिसत नाही निळ्यावर," वहिनी म्हणाली. तिने पहिल्यांदाच ते बाहेरच्या माणसासमोर बोलून टाकलं.

पेंटर मागच्या दारातून म्हणाला, "मास्तर, येत्या बुधवारी दुपारी या. वहिनी तुम्हाला कोट पडद्यावर काढून दाखवतील."

वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर मागच्या दाराने निघून गेला असता. मास्तर गेल्यावर ती म्हणाली, "बुधवारपर्यंत मुदत तुम्हाला. मास्तरांसमोर जमलं तर काम घेईन. नाही जमलं तर मशीन त्याच दिवशी घराबाहेर जाईल, आणि मग तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"आयुष्यात पहिल्यांदा."

पेंटरने एका बंद पडलेल्या छापखान्यातून एक मशीन मिळवलं. त्याच्याबरोबर एक पडदा आला, मागून कणगीसारखा फुगलेला, पण समोरून चांगला ऐसपैस. वहिनीसाठी हाच, असं त्याने ठरवलं.

सकाळी लिनक्स घालायला घेतलं. सगळं सुरळीत झालं. शेवटी मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, खूण झळकली, आणि पडदा काळा ठिक्कर पडला. मध्यभागी एक छोटी चौकट तरंगू लागली. तिच्यात म्हटलं होतं की मिळालेलं चित्र माझ्या मर्यादेबाहेरचं आहे.

वायरमन नेमका चहाला आला होता. "पेंटर, ह्याला म्हणतात अमावास्या. बल्ब बदलून देऊ का?"

"तू बिस्कीट खा."

"वहिनींना सांगा, काळ्यावर काळा कोट काढलाय. छान दिसतोय."

पेंटर चिडला नाही. कळफलकावरची मोठ्या अक्षरांची कळ त्याने दाबली. तिचा दिवा लागला. पुन्हा दाबली, विझला. "जिवंत आहे," तो म्हणाला. "आत सगळं जागेवर आहे. नुसतं चित्र बाहेर येत नाही." मशीन नव्याने सुरू करून त्याने सुरुवातीलाच एक कळ धरून ठेवली. यादी आली. तिच्यातल्या ओळीच्या शेवटी त्याने एक शब्द जोडला, नोमोडसेट. त्याचा अर्थ तो असा सांगायचा: बाबा रे, चित्राच्या बाबतीत तू जास्त शहाणपणा करू नकोस, येतं तेवढं साधं दाखव.

आणि चित्र आलं. ओबडधोबड, जाडंभरडं, पण आलं.

वहिनी हात पुसत आत आली, पडद्यासमोर बसली आणि तिचा चेहराच बदलला. "अगबाई! किती मोठी अक्षरं! हे मला चष्म्याशिवाय दिसतंय. राहू दे असंच."

पेंटरलाही वाटलं, राहू दे. पण प्रोग्राम उघडून तिने बाहीच्या मुंढ्याची गोलाई काढली, आणि ती गोलाई जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसू लागली.

"ह्या मुंढ्यात हात घातला तर सोलून निघेल," वहिनी म्हणाली.

"प्रिंटवर गोल येईल."

"मला दिसायला नको का गोल? मी डोळ्याने बेतते, भावजी. मुंढा दिसला पाहिजे."

मग पेंटर खरा कामाला लागला. मशीनच्या पोटातलं चित्राचं कार्ड कुठल्या जातीचं ते त्याने विचारून घेतलं आणि त्याच्यासाठीचा चालक घातला. चालक म्हणजे मशीन आणि कार्ड यांच्यामधला दुभाषी. तरीही चित्र मर्यादेबाहेरच जायचं. दुपारभर डोकं खाजवल्यावर त्याला उमगलं की पडद्याची तार जुनी आहे, तिच्यातून चित्र जातं, पण पडद्याकडून निरोप परत येत नाही. आपला आकार केवढा, आपल्याला किती झेपतं, हे पडदा सांगतच नाही. मशीन अंदाजाने खूप मोठं चित्र पाठवतं आणि पडद्याला ते पेलत नाही.

"मग पडद्याला विचारा की," वहिनी म्हणाली.

"मुका आहे तो."

"मुक्याच्या पाठीवर काही लिहिलंय का बघा. माझ्या शिलाई मशीनच्या पोटाखाली सगळं लिहिलेलं आहे."

पडदा भिंतीपासून ओढला. मागच्या बाजूला धुळीखाली एक पट्टी होती. वहिनीने बॅटरी धरली, कारण तिचा हात स्थिर होता. पेंटरने वाचलं, कारण त्याचे डोळे चांगले होते. दोघं मिळून एक धड माणूस होत होती. पट्टीवरची मापं त्याने मशीनला सांगितली: एवढा रुंद, एवढा उंच, एका सेकंदात एवढ्या वेळा, याच्यापुढे जाऊ नकोस. पडदा एकदा थरथरला, विझला आणि मग उजळला. रेघा अशा स्वच्छ आल्या की पेंटरला त्याच्या ऐन उमेदीतला ब्रश आठवला. अक्षरांचा आकार त्याने वेगळा वाढवून दिला. मुंढा गोल झाला, पावाच्या कडेसारखा गोल.

पुढचे दिवस वहिनी शिकली. माऊस तिच्या हातात पहिल्या दिवशी नुसता पळत होता. "ह्याला दाबून धरणारा पाय नाही का कुठे, शिलाई मशीनला असतो तसा?" ती म्हणायची. पण माप तिच्या डोक्यात होतं आणि आकार तिच्या बोटांत. प्रोग्रामला फक्त तिचं ऐकायला शिकायचं होतं. मंगळवारी तिने कोटाची पाठ, पुढा, बाही आणि कॉलर काढली. रेघ बारीक वाटली की ती चित्र मोठं करायची, इतकं मोठं की नुसती कॉलर सगळा पडदा व्यापून बसायची. आणि अशी कॉलर बघत ती स्वतःशीच गुणगुणायची. स्वयंपाकघरात पेंटरला ते ऐकू यायचं आणि तो मुद्दाम भांडी हळू ठेवायचा.

बुधवारी दुपारी बँडमास्तर आला. मागच्या खोलीतल्या बाकावर बसला तेव्हा बाक कुरकुरला. वहिनीने कोट उघडून दाखवला.

"अरे वा! हा मी?"

"हा कोट. तुम्ही अजून आत नाही." वहिनीने माऊस फिरवला. "तुमचा घेर ह्या बाजूने वाढवायचा. बघा, असा."

"एवढा?"

"अजून माप घेतलेलं नाही, मास्तर. घाबरू नका."

मास्तर खो खो हसला. "ठरलं तर. पण एक सांगतो पेंटर, आमच्या पथकाच्या खोलीतलं तुमचं ते मशीन भारी संथ आहे हो. सुरू करायला घेतलं की आमची एक धून वाजवून होते. सुरुवातीला काहीतरी चौकट दाखवतं, ती बाजूला सारली की मग खुडूकखुडूक चालतं."

"जुनी हाडं आहेत, मास्तर. त्या चौकटीला 'तरीही पुढे' म्हणायचं. सगळ्यांकडे येते ती."

आणि मग पेंटर उठून उभा राहिला. मालकीण समोर, गिऱ्हाईक समोर, चित्र पुरं झालेलं. "थांबा. नाव राहिलंय."

त्याने कोटाची खिडकी नीट बंद केली, काळी खिडकी उघडली, श्वास धरला आणि मशीनचं नाव लिहिलं. 'सुईदोरा'. मास्तरने टाळी वाजवली. वहिनी लाजली. एवढ्यावर एरवी पेंटरने मशीन बंद करून काम संपवलं असतं, पण मास्तर म्हणाला, "वहिनी, ती कॉलर पुन्हा एकदा दाखवा, तिथे सोनेरी काठ कसा बसेल बघू."

वहिनीने प्रोग्रामवर टिचकी मारली. काही उघडलं नाही. पुन्हा मारली. काही नाही. आधीची काळी खिडकी समोर होती तशीच होती; नवी खिडकी मात्र एकही उघडेना. पेंटरने काळ्या खिडकीतून प्रोग्रामला हाक मारली. उत्तर आलं की पडदा उघडता येत नाही.

पेंटर पडद्याजवळ सरकला. पडदा तर समोर लख्ख उजळलेला होता. "पुन्हा चित्राचं दुखणं," तो पुटपुटला. "चालक बसला नसणार." त्याने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. चित्र आलं, स्वच्छ आलं, पण किती रेंगाळत! मास्तरची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. आणि पडद्याच्या मधोमध ती चौकट उभी राहिली.

पेंटरने सवयीने माऊस 'तरीही पुढे' वर नेला.

"थांबा," वहिनी म्हणाली. "ती काय म्हणतेय?"

"काही नाही. येते ती."

"तुम्ही वाचलंत का कधी?"

पेंटरने माऊसवरचा हात उचलला.

"बाई दारात उभी राहून काहीतरी सांगतेय आणि तुम्ही दार लावून घेताय," वहिनी म्हणाली. "आणि वर म्हणताय घर संथ आहे. वाचा."

मजकूर इंग्रजीत होता. पेंटर एकेक शब्द सोडवत, बोट पडद्याला लावून वाचू लागला, पूर्वी शिडीवरून अक्षरांची जागा मोजायचा तसा. "'सुईदोरा' या नावाचा... पत्ता... सापडला नाही. त्यामुळे... काम नीट होणार नाही."

"सुईदोरा म्हणजे हे स्वतःच की," मास्तर म्हणाला.

"हो."

"मग हे स्वतःलाच शोधतंय?"

पेंटर मागे टेकून बसला. मागच्या दारातून उन्हाचा एक पट्टा त्याच्या कापणाऱ्या हातावर पडला होता, पण तो हाताकडे बघत नव्हता. त्याच्या डोक्यात एक घर उभं राहिलं होतं. दारावरची पाटी आपण नवी लावली, झकास लावली, रस्त्यावरून लोक वाहवा करतायत. पण घरातल्या माणसांना कुणी सांगितलंच नाही. आतून कुणीतरी नव्या नावाने हाक मारतं, आणि ज्याला मारली तो ओ देत नाही, कारण त्याच्या कानावर जुनंच नाव आहे. हाक मारणारा वाट बघत राहतो. म्हणून रेंगाळणं. आणि मघाशी तर आपण चालू घराची पाटी बदलली. आत शिरायची परवानगी जुन्या नावावर दिलेली, आणि दारात नवं नाव. नव्या खिडक्या उघडणार कशा?

"चित्राचं दुखणं नाहीच हे," तो हळू म्हणाला. "नावाचं आहे. नाव दोन ठिकाणी असतं, वहिनी. एक पाटीवर, एक आतल्या पत्त्यांच्या फायलीत. लिनक्स घालतानाच नाव दिलं असतं तर त्याने दोन्हीकडे आपणच लिहिलं असतं. मी मागाहून फक्त पाटी रंगवली."

"का पण?"

"नाव शेवटी लिहायचं असतं."

पेंटरने चौकट बाजूला सारली आणि काळी खिडकी उघडली. ती यायला भरपूर वेळ लागला, पण आली. पत्त्यांची फाईल उघडायचा हुकूम दिला, तेव्हा मशीनने पुन्हा कुरकुर केली की हा सुईदोरा कोण. "सांगतो, सांगतो," पेंटर म्हणाला. फाईलच्या दुसऱ्या ओळीत ते सरसकट नाव तसंच बसलेलं होतं, घर सोडून न गेलेल्या जुन्या भाडेकरूसारखं. त्याने ते पुसलं आणि तिथे सुईदोरा लिहिलं. मशीन पुन्हा एकदा बंद केलं. पुन्हा सुरू केलं.

मास्तरच्या गुडघ्यावरचा ताल थांबला. वहिनी पडद्याकडे बघत नव्हती. पुढच्या खोलीकडे, खिडकीशी झाकून ठेवलेल्या शिलाई मशीनकडे बघत होती.

चौकट आली नाही. पडदा चटकन उजळला. वहिनीने वळून टिचकी मारली आणि कोट पुढे येऊन उभा राहिला, गिऱ्हाइकाने दार लोटून आत यावं तसा.

"वहिनी," मास्तर घसा खाकरून म्हणाला, "आता सोनेरी काठ."

वहिनीने कॉलर मोठी केली, अजून मोठी केली, आणि कडेने काठ ओढला. मग ती उठली, कपाटातून टेप काढून गळ्यात टाकली आणि म्हणाली, "उठा मास्तर. पोट आत नका घेऊ. वाजवताना जसं असतं तसं सोडा."

"सगळं सोडू?"

"सगळं. मला खरा घेर पाहिजे. पडदा मोठा आहे, मावेल."

बाहेर जाईपर्यंत मास्तर हसत होता. दारात त्याने पेंटरच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचंही मशीन असंच का हो? पाटी बाहेर, पत्ता नाही?"

"सगळ्यांचीच," पेंटर म्हणाला. "मी उद्या येतो."

दुसऱ्या दिवसापासून पेंटर घरोघर फिरला. गिरणीवाल्याकडे गेला, पथकाच्या खोलीत गेला. प्रत्येक मशीनसमोर बसून आतल्या फायलीत नाव लिहून आला. लोकांना वाटलं, पेंटरने काहीतरी नवं इंजिन बसवलं. वायरमन तर म्हणाला, "माझी ठिणगी एकदम वणवा झाली की!" पेंटर खरं तेच सांगायचा, "चूक माझी होती, दुरुस्त करून गेलो," आणि असं सांगताना त्याची मान वाकायची नाही. आपल्या हातची चूक आपल्या हाताने सुधारता येते, हे पत्र्यावर त्याला कधी मिळालं नव्हतं. ते सुख तो प्रत्येक दारात थोडं थोडं घेत होता.

एका दुपारी तो घरी आला तर मागच्या खोलीचा नूर पालटलेला. त्याची पोट उघडलेली मशीनं भिंतीशी एकावर एक रचलेली, आणि जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत छापलेले कागद चिकटवून पसरलेले. मध्ये वहिनी गुडघ्यांवर बसलेली. निळं कापड अंथरलेलं, त्यावर कागदाची बाही टाचलेली. ती बोटाने कागदाची कड चाचपत होती आणि कात्री बोटाच्या मागोमाग, न अडखळता, चालली होती.

"पाय बघून ठेवा, भावजी. मास्तरांच्या पाठीवर उभे आहात."

पेंटर एका पायावर मागे सरकला. "माझं सामान?"

"तुम्ही पुढच्या खोलीत बसा आता. तिथे खिडकी आहे, छान उजेड येतो."

"आणि तुमचं शिलाई मशीन?"

"ते इकडे येतंय. कापायचं इथे, शिवायचं इथे, उगाच मध्ये चालायला नको." तिने कात्री थांबवून वर बघितलं. "एक टोक धरा त्याचं. जड आहे, मला एकटीला उचलत नाही."

पेंटरने बाह्या सारल्या आणि पुढच्या खोलीकडे वळला.